काही नाही, बाळ

घरात मोठे दुखणे आले, की सर्वांत आधी माणसांचे आवाज बदलतात. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा आमचेही बदलले. दाराआड आम्ही कुजबुजत होतो आणि त्याच्यासमोर गेलो, की मोठमोठ्याने हसत होतो. "मला काय झालंय?" असे त्याने विचारले, की ठरलेले उत्तर मिळे, "काही नाही, बाळ. साधा ताप आहे." या खोटेपणाला मी माया म्हणत होतो.

एका संध्याकाळी त्याची आई औषधे आणायला खाली गेली होती. तो मला हळूच म्हणाला, "मामा, या वॉर्डात सगळ्यांचे केस गेलेत. साध्या तापानं जातात होय? पण आईला सांगू नकोस हं, मला कळलंय ते. ती रडते."

आम्ही त्याला सांभाळत होतो, अशी आमची समजूत. सांभाळत होता तो आम्हांला!

पुढे वाचनात आले, की हे काही आमच्याच घरी घडलेले नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी अशाच मुलांमध्ये वावरून १९७८ साली एक पुस्तक लिहिले. कोणी न सांगताही मुलांना सारे कळते आणि आईबापांसाठी ती अजाणतेपणाचे सोंग घेतात, असे त्यांना दिसले. कर्करोगाने मूल गमावलेल्या स्वीडनमधील आईबापांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ जणांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना मात्र होता. मौन पाळणारे सगळेच चुकले, असे नव्हे. पण बोलून कोणी पस्तावले नाही.

निदानाचा कागद मुलाच्या हाती कोंबणे ही काही करुणा नव्हे. त्याने विचारले तेवढेच, त्याला पेलेल अशा शब्दांत, जवळ बसून सांगावे. ठाऊक नसेल, तर "ठाऊक नाही" म्हणावे. भय मुलाला असतेच; त्या भयात त्याला एकटे सोडू नये, एवढे आपल्या हाती असते.

भाच्याचे गुपित मी बहिणीजवळ फोडले. त्या रात्री तिने त्याला आजाराचे नाव सांगितले. दोघे रडले. मग त्याने विचारले, "दिवाळीला घरी जाता येईल?"

"ठाऊक नाही रे. पण तू जिथं असशील, तिथं मी असेन."

पुष्कळ दिवसांनी त्या खोलीत आमचे आवाज आमचेच वाटले.