स्टॉक स्टेटमेंट इकडे आण

बस खाली. बँकेचा मॅनेजर नवीन आलाय, मुद्दाम छळतो, सूत महागलंय, बाजार मंद आहे. झालं सांगून? आता मी बोलतो आणि तू ऐकायचंस. बारावीला माझ्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचास, तेव्हा फार तर दहा मार्क गेले. आता आईच्या नावावरचं घर तारण आहे.

स्टॉक स्टेटमेंट दाखव. गेल्या महिन्याचं. अक्षर दिवाणजीचं, सही तुझी. वाचलंस का कधी? दिवाणजी कागद पुढे करतो आणि तू उभ्याउभ्या सही ठोकतोस, कारण तुझ्या लेखी ही बँकेची कटकट आहे. अरे, ही तू दिलेली जबानी आहे! तिच्या भरवशावर बँक तुला लाखांनी उचल देते.

माल २१ लाख. सूत, सायझिंगहून आलेली बिमं, मागावरचं कापड, घडी मारून ठेवलेले तागे. येणं २० लाख. देणं काहीच नाही. दोन्हीवर २५ टक्के मार्जिन वजा केलं की ड्रॉइंग पॉवर, तुमची डीपी, निघते ३० लाख ७५ हजार. आणि लिमिट किती? ३० लाख. वा! नेम बरा लागला. आधी उत्तर लिहून मग वर गणित रचणारी पोरं तपासण्यात माझा जन्म गेलाय. मला हे दाखवू नकोस.

मागच्या खोलीत जी सुताची बाचकी रचली आहेत, ती कुणाची? व्यापाऱ्याची. त्याचं कापड तू खर्चीवर विणून देतोस आणि मजुरी घेतोस. ते सूत तुझं नाही, तरी ३ लाखांना तुझ्या मालात धरलंस. मान खाली घालू नकोस, इकडे बघ. दुसऱ्याचा माल स्वतःचा म्हणून बँकेला दाखवणं याला व्यवहारचातुर्य म्हणत नाहीत. उद्या स्टॉक ऑडिटला माणूस आला आणि त्याने खरेदीची बिलं मागितली, तर काय देणार आहेस? व्यापाऱ्याचं डिलिव्हरी चलन?

तर माल १८ लाख. त्यातलं ६ लाखांचं सूत उधारीवर आणलंय, म्हणजे तेही वजा. राहिले १२, मार्जिन जाऊन ९. येणं २० लाखांचं, पण त्यातले ८ लाख एकाच व्यापाऱ्याकडे पाच महिने अडकलेत. ९० दिवसांपुढचं येणं बँक धरत नाही, हे मंजुरीपत्रात लिहिलंय. ते तरी उघडलंयस का? म्हणजे येणं १२, मार्जिन जाऊन तेही ९. झाली डीपी १८ लाख. आणि खात्यात उचल किती? २९ लाख ६० हजार. 'सर, अजून चाळीस हजार शिल्लक आहेत' असं मघाशी छाती काढून सांगितलंस. शिल्लक नाहीत बाबा. तू ११ लाख ६० हजारांनी वर आहेस.

लिमिट आणि डीपी यांतलं जे कमी, तेवढीच तुझी पोच. त्याच्या वर बाकी सलग ९० दिवस राहिली, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खातं एनपीए, म्हणजे थकीत. ९० दिवसांत जमा काहीच नाही, किंवा जमा झालं ते व्याजालाही पुरलं नाही, तरी तेच. नवीन मॅनेजरने हा नियम काल रात्री बसून लिहिलेला नाही.

आता हे ११ लाख ६० हजार गेले कुठे ते बघू. गणिताला लाजायचं नसतं.

अर्ध्याचा हिशोब तुझ्या शेडमध्येच उभा आहे. जुने रॅपियर माग घेतलेस, २२ लाख ४० हजारांना. बँकेने ७५ टक्के मुदतकर्ज दिलं आणि २५ टक्के स्वतःचे घाल म्हणाली. तू काय केलंस? ते ५ लाख ६० हजार सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटमधून, उचललेस. म्हणजे स्वतःचा हिस्सासुद्धा बँकेच्याच पैशाने भरलास, आणि तोही कुठल्या पैशाने? सुतासाठी दिलेल्या. चालू भांडवल धोट्यासारखं असतं, इकडून गेलं की तिकडून परत यायलाच हवं. तू त्याला लोखंडात गाडलंस. रॅपियर आपले पैसे पाच-सहा वर्षांत फेडतील, पण सुताचा पैसा तीन महिन्यांच्या आत खात्यात परत यायला हवा होता. तो येणार कुठून?

आणि गंमत पुढेच आहे. आठ दिवसांपूर्वी तुझ्याकडून गेलो तेव्हा नव्याने आणलेल्यांतले दोन माग बंद होते. कामगार बाकावर बसून मोबाईल बघत होता. का, तर बीम नाही. बीम का नाही, तर सुताला पैसे नाहीत. माग आणायला पैसे होते आणि माग चालवायला नाहीत! हे नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं?

तुझी उलाढाल वर्षाला दीड कोटी. ३६५ ने भाग, दिवसाला साधारण ४१ हजार. आता सूत घरात आल्यापासून कापडाचे पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस जातात? माहीत नाही. कसं माहीत असेल! मी मोजतो. सूत पडून १० दिवस. सायझिंग आणि मागावर २०. घडी, गाठी, ट्रक मिळून ५. व्यापाऱ्याची उधारी ६०. झाले ९५. सूतवाला तुला १७ दिवस थांबतो, ते वजा कर. राहिले ७८. अठ्ठ्याहत्तर गुणिले ४१ हजार, म्हणजे ३२ लाखांच्या घरात. धंदा चालू ठेवायला एवढा पैसा कायम फिरता लागतो. २५ टक्के मार्जिनच्या हिशोबाने यातले २४ लाख बँकेने घालायचे आणि ८ लाख तू. तुझे किती आहेत? २ लाख ४० हजार. उरलेले ५ लाख ६० हजार रॅपियरच्या पायाशी गेले. आकडा ओळखीचा वाटतोय का?

लिमिट ठरवायचं सूत्र मी वर्गात शिकवलं होतं. १९९१ साली रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर पी. आर. नायक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लघुउद्योगाला चालू भांडवल किती द्यावं, याचा सोपा हिशोब तिने घालून दिला. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के एकूण भांडवल धरायचं, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के मालकाने आणायचे. दीड कोटीचे २० टक्के म्हणजे ३० लाख. तुझं लिमिट आभाळातून पडलेलं नाही, या हिशोबातून आलंय. त्यात मालकाचे ५ टक्के आहेत, हे मात्र तुम्ही सगळे सोयीस्कर विसरता.

धंदा वाढवायचाय म्हणतोस. वाढव की! सव्वादोन कोटींवर जा. पण उलाढाल दीडपट झाली की फिरता पैसाही दीडपट लागतो. ३२ चे ४८ लाख. जास्तीच्या १६ मधले ४ लाख तुझे हवेत, आणि मागचा ५ लाख ६० हजारांचा खड्डा अजून तसाच आहे. वाढत्या धंद्यात नफा कागदावर दिसतो आणि गल्ला रिकामा असतो, हे तुला कुणी सांगितलं नाही असं नाही. मी सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे. ते ८ लाख अडकवून बसलेले शेठ. मागितलेस का? 'सर, जुनी पेढी आहे, वडिलांपासूनचे संबंध आहेत, बरं दिसत नाही.' बरं दिसत नाही? सीसीवर ११ टक्के धर, ८ लाखांचं पाच महिन्यांचं व्याज ३६ हजारांच्या वर गेलंय. ते तू भरलंस. बँकेकडून व्याजाने घ्यायचं आणि शेठला बिनव्याजी वापरायला द्यायचं, हा धंदा तू केव्हापासून सुरू केलास? शिवाय त्या ८ लाखांनी तुझी डीपी ६ लाखांनी खाली आणली. जोडून बघ. ५ लाख ६० हजार आणि ६ लाख, बरोबर ११ लाख ६० हजार. एकेक रुपया सापडला. नवीन मॅनेजरने यातला एक तरी नेलाय का?

२००६ चा एमएसएमई कायदा तुझ्यासाठी आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. वरून आयकरातही तरतूद आली, ४३बी(एच). सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. मार्चमध्ये शेठला घाम फोडायला एवढं पुरे. पण तू लघुउद्योग आहेस हे त्याला कळणार कसं? बिल बघू तुझं. वर गणपती आहे, जीएसटी नंबर आहे, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हेही आहे. उद्यम नंबर कुठे आहे? नोंदणीचा कागद फ्रेम करून भिंतीवर टांगलाय आणि बिलावर पत्ता नाही.

मान्य, कायदा दाखवला की काही व्यापारी माल घ्यायलाच का-कू करतात. मलाही बाजार कळतो. म्हणून पहिल्याच दिवशी तक्रार कर असं मी म्हणत नाही. पण साधा फोन? दर सोमवारी येण्याची यादी घेऊन बसणं? वटाव देऊन पैसे लवकर सोडवणं? ३० दिवस आधी पैसे देणाऱ्याला एक टक्का वटाव दिलास तर वर्षाला १२ टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे सीसीच्या व्याजाएवढाच. तेवढा परवडतो. दोन टक्के दिलास की २४ च्या घरात गेलास. एवढं तोंडी करता येत नसेल तर पाटीवर कर.

आणि मोबाईलवरचं ते कर्ज काय आहे? 'महिना दोनच टक्के.' दोनच! मूळ रकमेवर सरसकट दोन टक्के लावून बारा हप्त्यांत फेडायचं कर्ज घटत्या बाकीवर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं. मुद्दल दर हप्त्याला कमी होतं, पण व्याज पहिल्या दिवसाच्याच मुद्दलावर मोजलं जातं. मिटव ते सगळ्यांत आधी.

विवरणपत्राबद्दल मी फार बोलत नाही. आयकराला दाखवताना तू गरीब आणि बँकेला दाखवताना श्रीमंत. बँक दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचते. जीएसटीचे आकडे आता तिसऱ्या बाजूला असतात.

घराचं मात्र बोलणार. तारण देण्यापूर्वी सीजीटीएमएसई या चार अक्षरांच्या... मोजू नकोस, जास्त आहेत. तर त्या हमी योजनेबद्दल विचारलंस का? केंद्र सरकार आणि सिडबीने २००० साली उभी केली ती. तारणाशिवाय कर्ज देता यावं म्हणून बँकेला हमी मिळते, त्याची फी भरावी लागते. हमीची मर्यादा आता १० कोटींपर्यंत गेली आहे, तू ३० लाखांसाठी आईची सही घेऊन आलास. बँक नाही म्हणाली असती तर वेगळं, तू विचारलंच नाहीस. आणि तुझ्या मित्रांनाही सांग, हमी म्हणजे माफी नव्हे. हमीची रक्कम बँकेला मिळाली तरी वसुली कर्जदाराकडून सुरूच राहते. मुद्रा म्हणजे अनुदान असं समजणारे तुझे दोस्त तर वेगळेच नग. मुद्रा कर्ज आहे, कर्ज!

लिहून घे. आज रात्री दिवाणजीला सोबत घेऊन खरं स्टेटमेंट तयार करायचं. खर्चीचं सूत वेगळ्या कागदावर, सूतवाल्याचं देणं पूर्ण, येणं तारखेप्रमाणे. सही तू करायचीस आणि वाचून करायचीस. उद्या अकराला शाखेत जायचं. खोटं स्टेटमेंट दिलं होतं हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, त्यांना सापडायच्या आधी. रॅपियरमध्ये अडकलेले ५ लाख ६० हजार सीसीतून बाजूला काढून हप्त्याचं कर्ज करून देता का, असं विचारायचं. वर्किंग कॅपिटल टर्म लोन म्हणतात त्याला. देतीलच असं नाही. चिडतील, ऐकून घ्यायचं. सगळं कापडाचं पेमेंट इथून पुढे याच खात्यात, पतसंस्थेत अर्धं ठेवायची सवय बंद. सीसीवर व्याज रोजच्या बाकीवर लागतं. आलेला चेक खिशात चार दिवस फिरवलास तर त्या चार दिवसांचंही व्याज तू भरतोस. ते दोन माग बंद राहू देत. सुताची सोय होईपर्यंत आणखी माग घ्यायचं नावही काढायचं नाही.

शेठचा नंबर काढ. आत्ता. पाया पडतो वगैरे म्हणायचं नाही, बिल नंबर, तारीख आणि रक्कम सांगायची आणि कोणत्या तारखेला किती देणार ते विचारायचं. स्पीकरवर ठेव, मी ऐकतोय.