थेंबाथेंबाचे धन

धर्मानंतर लगेच अर्थ हा पुरुषार्थ सांगितला, तो गृहस्थाश्रमाची गरज ओळखूनच. आपल्या बऱ्हाणपुरातील कुंडी भंडाराच पाहावा. १६१५ च्या सुमारास, मोगल अमदानीत, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारात गोळा करून केवळ उताराच्या बळावर नगरात आणले गेले. शंभराच्या आसपास कुंड्या आतून एकमेकींस जोडल्या. गृहिणीने बाजारखर्चातून बाजूस ठेवलेल्या दहा रुपयांचे तसेच आहे.

परंतु लग्नकार्यात सोयऱ्यांची बरोबरी करण्यासाठी व्याजाने पैसे काढणारा गृहस्थ आपल्या कुंडीचा तळ आपणच फोडतो. मांडवाची शोभा दोन दिवसांची; तिचे हप्ते मात्र धाकट्या मुलाच्या शिक्षणातून फिटतात! हे आपल्यापैकी कित्येक घरांनी भोगले आहे.

कृपणताही नको. मुलांना मावा जिलेबी अवश्य खाऊ घालावी. सायंकाळी सहकुटुंब राजघाटावर बसावे. सूर्यकन्या तापीमाई दर्शनाचे मोल मागत नाही. आषाढ शुद्ध सप्तमीस तिचा जन्मोत्सव असतो. त्या दिवशी घरच्या दशम्या बांधून, वडीलधाऱ्यांना हात देत घाटावर यावे.