सोवळ्यातली गाडी

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरवर चक्कर मारावी. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली असते. ज्यांचा नंबर लागत नाही ते सोसायटीच्या आवारातच बादली घेऊन बसतात. भांडी घासायचा साबण, जुना बनियन, डाग हट्टी निघाला तर स्वयंपाकघरातली घासणीसुद्धा. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक उमटतं, जाळीला तारेत ओवलेल्या झेंडूची माळ लागते, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, पेढे वाटले जातात. चार दिवसांनी माळ सुकते, कुंकू ओल्या फडक्याने खरवडलं जातं आणि पांढऱ्या रंगावर गुलाबी सावली मागे राहते. मग कधीतरी तिरप्या उन्हात मालकाला दिसतं, की सगळ्या बॉनेटवर बारीक रेघांचं जाळं पसरलंय.

वर्षभर ती गाडी खड्ड्यांतून, चिखलातून, ट्रॅफिकमधून फिरली तेव्हा तिच्या रंगाचं एवढं बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तिला देव मानून घासलं तेव्हा. यावर हसून पुढे जाता येईल, पण त्यातला प्रश्न जुना आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शुद्धी करायची ती कुणासाठी? जी वस्तू धुतली जाते तिच्यासाठी, की धुणाऱ्याच्या मनाच्या समाधानासाठी?

आधी वस्तूकडे नीट बघावं. गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा लेप, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यांत वर बिनरंगी क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची सगळी चकाकी या थरात असते, आणि हा थर म्हणजे शेवटी कडक झालेली राळ. आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते पोलादी सुरीलाही ओरखडा पाडतील इतके कठीण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे हे कण फडक्याखाली धरून बॉनेटभर फिरवणं. रेघा गोल दिसतात म्हणून लोक गोल हात फिरवणाऱ्याला दोष देतात. वास्तविक ओरखडे सगळ्या दिशांना पडलेले असतात. दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल भासतं. हात सरळ फिरवूनही हे जाळं चुकत नाही.

चुकतं ते हात उशिरा लावल्याने. गाडी सावलीत उभी करायची, पत्रा थंड होऊ द्यायचा आणि आधी नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे सुटी धूळ आपण होऊन वाहून जाते. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा शॅम्पूत बुडवून एखादा भाग पुसला की आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच पुन्हा शॅम्पूत. असं केलं की निघालेली माती दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांना वेगळं फडकं, कारण तिथे ब्रेकमधून झडलेला लोखंडाचा चुरा असतो. भांड्यांचा साबण नको, तो मातीबरोबर मेणाचं संरक्षणही उतरवतो. बोअरचं पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, नाहीतर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके बसतात. पाखरांची शीट खरवडायची नाही. ओलं फडकं वर ठेवायचं, भिजू द्यायची आणि अलगद उचलायची. शेवटी मायक्रोफायबरने पाणी टिपायचं. या सगळ्यात जोर लावायचा असा एकही प्रसंग येत नाही.

जुन्या धर्मशास्त्रकारांना हे वाचून नवल वाटलं नसतं. द्रव्यशुद्धी हा त्यांच्याकडे स्वतंत्र विषय होता आणि त्याची बैठक अगदी व्यवहारी होती: पदार्थ पाहून उपाय ठरवायचा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ही यादी सविस्तर येते. लेप न बसलेल्या सोन्याला नुसतं पाणी पुरे. शंख-मोत्यांसारख्या पाण्यात जन्मलेल्या वस्तू आणि नक्षी नसलेली चांदी यांनाही तेवढंच. तांबं, लोखंड, कासं, शिसं यांना ज्याला जे मानवेल ते, क्षार किंवा आंबट. रेशीम आणि लोकरीला खारी माती, घोंगड्यांना रिठा, जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांना पांढरी मोहरी. लाकडाला मात्र तासणं. गाडीच्या रंगालाही हा शेवटचा उपाय लागू पडतो, गॅरेजवाले त्याला रबिंग मारणं म्हणतात. ओरखडा भरला जात नाही; त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट एकदोन मायक्रॉन उतरवून ओरखड्याच्या तळाला आणला जातो. पहिल्यांदा गाडी नव्यासारखी दिसते. दर दिवाळीला हाच उद्योग केला तर काही वर्षांत रंग उघडा पडतो.

आता या ग्रंथाचं नाव घेतलं की त्याचं दुसरं पान उलटावंच लागतं. तांब्याला काय सोसतं याची एवढी काळजी घेणाऱ्या परंपरेने माणसांच्या बाबतीत तोच हिशेब उलटा मांडला. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं बाटलं म्हणून त्याची शुद्धी केली. 108 घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्र. तळ्यात गुरं उतरत होती, तेव्हा असा विधी कुणाला सुचला नव्हता. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली.

तळ्यात मळ नव्हता, तो धुणाऱ्यांच्या डोक्यात होता. आणि ज्या पाण्यात माणसांच्या ओंजळीने काहीच बिघडलं नव्हतं, त्यात शेण मात्र शुद्धीनेच पडलं. द्रव्यशुद्धीच्या स्वतःच्या निकषावरही हा विधी नापास होतो, कारण त्या निकषाचा पहिला प्रश्न 'लेप आहे का?' हाच आहे. लेप नसेल तर सोन्यालासुद्धा नुसतं पाणी पुरतं.

देवांच्या बाबतीत हा प्रश्न थेट न्यायालयात गेला. उज्जैनच्या महाकालेश्वराचं लिंग झिजतंय अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि 2017 मध्ये जे उपाय पुढे आले ते कार डिटेलिंगवाल्याने लिहून दिल्यासारखे होते. जलाभिषेकाला आरओचं पाणी, तेही प्रत्येकी अर्धा लिटर. भस्मआरतीच्या वेळी लिंगावर कापड. पिठीसाखर चोळायची नाही. 2020 च्या निकालात न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की भाविकांनी लिंगाला काहीही घासायचं नाही. दही, तूप, मध हे पदार्थ मंदिराच्या स्वतःच्या पूजेत वर्ज्य नाहीत, पण ते चोळणारे भाविकांचे हजारो हात दगडाला सोसत नाहीत. अनेकांना हा धर्मातला हस्तक्षेप वाटला. खरं तर न्यायालयाने शिळेला काय सोसतं एवढंच विचारलं होतं, आणि द्रव्यशुद्धीची यादी करणाऱ्यांनीही तेच विचारलं होतं.

पंढरपुरातही तेच दुखणं. शतकानुशतकांचे अभिषेक आणि पायांवर टेकलेली लाखो डोकी यांनी विठ्ठलाची मूर्ती झिजली, आणि 2020 च्या टाळेबंदीत मंदिर बंद असताना तिच्यावर पुन्हा वज्रलेप केला गेला. वज्रलेप हे नाव जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे: कच्ची टेंभुर्णी, कच्चं कवठ, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा भाग उरेपर्यंत आटवायचं, त्यात राळ-डिंक घालायचे आणि गरम असतानाच देवळं, मूर्ती, लिंगं, भिंती, विहिरी यांना लावायचं. हा लेप अफाट काळ टिकतो असंही तो सांगतो. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिराती वाचणाऱ्याला हा सूर ओळखीचा वाटेल. पंढरपूरला आता वनस्पतींच्या काढ्याऐवजी इपॉक्सी असतं, आणि रसायन म्हणून ते गाडीच्या क्लिअर कोटचं भावंडच म्हणावं लागेल. पण लेप लावला म्हणून घासण्याची मुभा मिळते असं दोन्ही ठिकाणी होत नाही. दोन्ही ठिकाणी आता लेप झिजतो, इतकंच.

सोवळं म्हणजे शिवू नका, असं घराघरांत शिकवलं गेलं. पण कशासाठी शिवायचं नाही, यावर सगळं अवलंबून आहे. महाकालाच्या लिंगाला हात लावू नका, कारण ते झिजतं. हे एक सोवळं. तळ्याला हात लावू नका, कारण मला किळस येते, हे दुसरं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून दुसऱ्याने पहिल्याच्या अब्रूवर शेकडो वर्षं काढली.

पतंजलीने योगसूत्रांत शौचाचं जे पहिलं फळ सांगितलंय ते या संदर्भात चमत्कारिक वाटतं. स्वच्छतेने मन निर्मळ होतं, हे तो नंतर सांगतो. आधी, शौच पाळता पाळता स्वतःच्या देहाविषयी उबग येतो, असं म्हणतो. आणि भाष्यकार व्यास त्याचं कारण देतात की कितीही धुतला तरी देह शुद्ध होत नाही, हे धुणाऱ्याला कळून चुकतं. म्हणजे धुण्याची मर्यादा कळणं हाच धुण्याचा लाभ. यातला देहाचा तिटकारा आज कुणाला पटणार नाही आणि पटूही नये. पण अर्धा भाग टिकण्यासारखा आहे. रस्त्यावर चालणारी गाडी स्वच्छ राहत नाही. संध्याकाळपर्यंत धूळ बसते, आणि नुसती बसलेली धूळ रंगाला ओरखडा पाडत नाही. ओरखडा पडतो तो सकाळी ती दिसली की न राहवून फिरवलेल्या फडक्याने.

ते फडकं बहुतेक वेळा मालकाच्या हातात नसतंच. शहरातल्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारी मुलं-माणसं येतात. एक बादली, एक-दोन फडकी आणि ऑफिसची वेळ व्हायच्या आत उरकायच्या रांगेने गाड्या. महिन्याला गाडीमागे काही शे रुपये. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी गढूळ होतं आणि पुढच्या गाड्या त्याच पाण्यात पुसल्या जातात. रेघा दिसल्या की मालक त्यालाच बोलतो. खरं म्हणजे गाडी रोज चकचकीत दिसली पाहिजे हा हट्ट मालकाचा, आणि त्या पैशांत, त्या वेळात दोन बादल्यांची पद्धत बसत नाही हे गणितही मालकानेच घातलेलं.

इथे पुन्हा मनुस्मृतीचा तोच पाचवा अध्याय आडवा येतो, आणि या वेळी त्याला जाळणाऱ्यांनाही मान्य व्हावा असा. सगळ्या शौचांत पैशाच्या व्यवहारातलं शौच श्रेष्ठ, माती-पाण्याने झालेलं नव्हे, असं तो सांगतो. कारागिराचा हात नेहमी शुद्धच असतो, असंही सांगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये याचा अर्थ अवघड नाही. रोजच्या कोरड्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा सावलीत, दोन बादल्या आणि धुतलेली फडकी घेऊन गाडी धुवायला सांगायची आणि महिन्याचे पैसे तेच ठेवायचे. रंग वाचतो, पाणी वाचतं, त्या माणसाच्या पहाटा वाचतात. असं सांगणारे मालक निघतातही, पण थोडे. बाकीच्यांना सकाळी खाली उतरल्यावर बॉनेटवर धूळ दिसली की दिलेले पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात.