दुसरा शून्य सावलीचा दिवस

मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीच्या दिवसाचं मोठं कौतुक होतं. वर्तमानपत्रांत गावोगावच्या तारखा आणि वेळा छापून येतात, मुलं भर दुपारी काठी उभी करून सावली नाहीशी होण्याची वाट पाहतात. नागपूरला हा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. जुलैच्या मध्याला सूर्य पुन्हा एकदा नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, पण त्या दुपारी काठी घेऊन सहसा कुणी बाहेर पडत नाही. आभाळ भरलेलं असतं.

ढगांचा धडा या दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हावा असं मला फार वाटतं. दोन्ही दिवशी सूर्य तेवढाच वर, दिवसही जवळपास तेवढाच मोठा. तरी मेच्या अखेरीला नागपूरचं कमाल तापमान सरासरी ४२-४३ अंशांच्या घरात असतं, आणि जुलैच्या मध्याला ३१-३२ च्या. मधले दहा अंश कुठे गेले? ‘पाऊस पडला म्हणून गार झालं,’ असं मुलं सांगतील, आणि ते बरोबरच आहे. ओल्या जमिनीतलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. पण मुळात बरंचसं ऊन जमिनीपर्यंत पोचलंच नाही, ते ढगांनी वरच्या वर परत पाठवलं, हा उत्तराचा दुसरा भाग सहसा वर्गात येत नाही.

आपल्याकडे ढग शिकवले जातात ते नावांनी आणि उंचीने. सिरस वर, स्ट्रॅटस खाली, क्युम्युलोनिंबस म्हणजे गडगडाट. जोड्या लावा, गुण मिळवा. नावं हवीतच. ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध व्यावसायिकाने १८०२ मध्ये ढगांचं वर्गीकरण मांडलं, तेव्हा त्यामागे आभाळ निरखण्याचा लहानपणापासूनचा छंद होता. मुलांच्या वाट्याला मात्र निरखणं न येता थेट नावं येतात. ढग दिसला की आधी दोन प्रश्न विचारावेत: हा किती ऊन परतवतोय, आणि जमिनीची किती उष्णता अडवतोय?

पृथ्वीच्या ऊर्जेचा ताळेबंद या दोन प्रश्नांवर फिरतो. दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त सगळ्यांची सरासरी काढली तर दर चौरस मीटरला सुमारे ३४० वॉट सूर्याकडून येतात. त्यातले शंभरएक वॉट परावर्तित होतात, आणि त्यात जवळपास निम्मा वाटा ढगांचा असतो. उरलेले २४० शोषले जातात आणि अवरक्त किरणांच्या रूपाने पुन्हा अवकाशात जातात. ती जाणारी उष्णताही ढग काही प्रमाणात अडवतात. म्हणजे ढग थंडही करतात आणि ऊबही देतात. एकंदरीत पारडं कुठे झुकतं, हे १९८० च्या दशकापर्यंत ठामपणे सांगता येत नव्हतं. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मोजमापांवरून १९८९ मध्ये दाखवून दिलं की पारडं थंडाव्याकडे झुकतं. इतकी रोजची गोष्ट इतक्या उशिरा मोजली गेली, हे मुलांना जरूर सांगावं. विज्ञानात आपल्यासाठी काही उरलंय, असं त्यांना त्यातून वाटतं.

रात्रीचा हिशेब वेगळा, आणि तो शेतकऱ्याच्या मुलांना आधीच अर्धा ठाऊक असतो. निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, ती रात्र बहुधा निरभ्र असते. आभाळ आलं की थंडी पळते आणि डाऊनी-भुरी या द्राक्षांवरच्या रोगांची धास्ती सुरू होते. अशा वेळी ‘ढग गोधडीसारखे असतात’ असं सांगून आपण मोकळे होतो. गोधडी आतली गरम हवा धरून ठेवते. ढग जमिनीची उष्णता शोषतो आणि स्वतःच्या तापमानानुसार खाली परत पाठवतो, ही वेगळी क्रिया आहे.

ती डोळ्यांनी दाखवता येते. एसी दुरुस्त करणारे वापरतात ती तापमापक गन आणावी. करोनाकाळात कपाळावर धरायची ती इथे चालत नाही, कारण तिची मोजपट्टी फार तोकडी. हिवाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री गन आभाळाकडे रोखली तर आकडा शून्याच्या बराच खाली जातो. खालच्या थराचा दाट ढग आला की त्याच जागी आकडा झरझर वर चढतो. दिवसा करून पाहायचं असेल तर सूर्याकडे मात्र ती कधीच रोखू नये.

पावसातही ऊर्जा मोजता येते. शाळेच्या पर्जन्यमापकात १० मिलिमीटर पाऊस भरला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १० लीटर पाणी पडलं. ते वाफेचं पाणी होताना वर ढगात सुमारे अडीच कोटी ज्यूल उष्णता मोकळी झाली. विजेच्या बिलाच्या भाषेत जवळपास सात युनिट. एक हेक्टर मैदानाचा गुणाकार मुलांनाच करू द्यावा: सत्तर हजार युनिट, एका सरीत. वादळाला बळ कुठून मिळतं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

हवामानबदलाच्या अंदाजांत आजही सर्वांत मोठी अनिश्चितता ढगांचीच आहे. समुद्रावरचे खालचे ढग विरळ झाले तर तापमानवाढीला आणखी जोर येईल. उपग्रह रात्रंदिवस पाहत असतात, पण वरून. उंचावरच्या ढगाखाली दडलेला खालचा थर त्यांच्या नजरेतून सुटू शकतो, आणि बर्फावरचा पांढरा ढग ओळखणंही अवघड जातं. म्हणूनच ‘ग्लोब’ या आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रमात मुलं उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या सुमारास खालून आभाळ पाहून नोंद करतात. भारत त्यात २००० पासून आहे. किती आभाळ झाकलंय, ढग कोणत्या थरातले, त्यांतून उजेड आरपार येतो, धूसर येतो की येतच नाही, एवढंच लिहायचं. यंत्र लागत नाही, डोळे लागतात. आभाळ निरभ्र असलं तरी नोंद करायचीच असते, कारण ‘ढग नाही’ हे उपग्रहाचं म्हणणंही कुणीतरी खालून पडताळून पाहावं लागतं.