नको म्हणणारा देव

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. आमच्या डिपार्टमेंटमधले निम्मे लोक त्या दिवशी दत्ताचा उपास धरतात. मी पहाटे सायकल काढते. मोशी, चाकण, राजगुरुनगर, तिथून डावीकडे वळून चास, वाडा आणि पुढे भीमाशंकरचं जंगल. शुक्रवारी चहाला कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, गाडीने जाणाऱ्यापेक्षा तुम्हाला दुप्पट पुण्य!" मी हसून सोडून देते. अंगाला कष्ट दिले की देव जवळ येतो, हे तर वारकरी संतांनाही मान्य नव्हतं. घरी बसून नाम घे, एवढंच त्यांचं म्हणणं. चढावर मांड्या भरून येतात तो माझा व्यायाम झाला, देवाशी त्याचा संबंध नाही.

पण या रस्त्यावर वेगळाच एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. एखादी जागा पवित्र आहे म्हणजे नेमकं काय आहे? कारण एकाच दिवसात मी तीन पवित्र जागांपाशी पोचते आणि तिन्हींची दशा तीन तऱ्हांची आहे.

पहिली इंद्रायणी. मोशीला नाशिक हायवेच्या पुलावरून ती ओलांडावी लागते. वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. एका गावात तुकोबांची गाथा हिने बुडू दिली नाही, तिथल्या तिथे तारली, अशी श्रद्धा. दुसऱ्या गावात ज्ञानोबांनी 1296 मध्ये समाधी घेतली. हिच्यापेक्षा पवित्र पाणी मराठी माणसाला कुठलं सांगायचं? आणि याच पाण्यावर गेल्या काही वर्षांत आळंदीला पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना सगळ्या महाराष्ट्राने पाहिले आहेत. गावांचं आणि शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं रसायन, सगळं तिच्यात जातं. ऐन वारीतही लोक तो फेस हाताने बाजूला सारून डुबकी मारतात. पुढे तुळापूरला ती भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरला जाते. म्हणजे आमचं सांडपाणी वारकऱ्यांबरोबर, त्याच दिशेने, विठ्ठलाच्या पायाशी निघालेलं असतं.

दुसरी जागा भामचंद्र डोंगर. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत डावीकडे आंबेठाण, वासुलीच्या अंगाला निघालं की दोन्ही हातांना मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आणि मधूनच हा डोंगर. वर कोरीव लेणी आहेत. तुकोबा इथे एकांतात बसत आणि इथेच त्यांना साक्षात्कार झाला, असं वारकरी मानतात. देहूजवळचा भंडारा डोंगरही त्यांच्या चिंतनाची जागा. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची अशी ठिकाणं पायी धुंडाळत. संतांनी एकांतासाठी निवडलेल्या जागांना त्यांच्याही फार आधीपासून लोक मानत आले होते, हे कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'मध्ये दाखवलं. पुस्तक 1962 चं. गंमत म्हणजे एमआयडीसीही त्याच वर्षी स्थापन झाली.

या डोंगराच्या परिसरात 2008 मध्ये मोठं आंदोलन झालं. शिंदे गावच्या गायरानावर डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र येणार होतं. गावकऱ्यांनी रस्ता अडवला. तिथलं पाणी सुधा नदीतून इंद्रायणीला जाईल, देहू-आळंदीला पोचेल, म्हणून कीर्तनकार बंडातात्या कऱ्हाडकरांबरोबर वारकरी उतरले. जाळपोळही झाली. पुढे कंपनीने तो बेत सोडला. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या नदीसाठी माणसं एवढी पेटली, त्याच नदीत आपापल्या गावाचा नाला रोज जातो आणि त्यावर कुणी पेटत नाही.

तिसऱ्या जागेसाठी बराच वेळ सायकल चालवावी लागते. राजगुरुनगर सोडलं की ट्रक संपतात. चासला सोमेश्वराच्या देवळापुढे दीपमाळ आहे. पहिल्या बाजीरावाच्या काशीबाईंचं हे माहेर. पुढे चासकमान धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. वाड्याच्या पुढे एक रस्ता शिरगाव, तळेघरवरून भीमाशंकरला चढतो आणि दुसरा भीमेच्या काठाने भोरगिरीला जाऊन संपतो. ही महादेव कोळ्यांची गावं. भात, नाचणी आणि जंगलातला बाळहिरडा यांवर चालणारी. गावाबाहेर कुठे भैरवनाथाची, कुठे वाघोबाची देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान. हीच ती तिसरी जागा. अंजनी, जांभूळ, पिसा, त्यांच्यावर चढलेले गारंबीचे जाड पिळे, आणि खाली इतका अंधार की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अशा राया हिंडून त्यांची नोंद केली. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी मूळचं जंगल कसं होतं ते या रायांमध्ये शिल्लक आहे, हे त्यांनी जगापुढे मांडलं. भीमाशंकर अभयारण्य झालं 1985 मध्ये. देवराया त्याच्या कितीतरी आधीच्या.

अशाच एका राईच्या कडेला एक म्हातारे बाबा गुरं राखत बसले होते. आत एक भलं मोठं झाड उन्मळून पडलं होतं आणि जागच्या जागी कुजत होतं. मी विचारलं, "बाबा, हे सरपणाला नेत नाही कुणी?"

"नाय ताई. देवाचं हाय."

"नेलं तर देव कोपतो का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शहरातली माणसं असंच विचारणार. "कोपायचं काय त्यात? आपलं नाय ते."

मी आयुष्यभर ऐकत आले होते की देवराया भीतीने टिकल्या. बाबांच्या बोलण्यात भीती नव्हती. ते मालकीचं बोलत होते. हे देवाचं, म्हणजे माझं नाही, तुझं नाही, पाटलाचं नाही, सरकारचंही नाही. ईशावास्य उपनिषद सुरू होतं तेच या विचाराने: सगळं ईश्वराचं, म्हणून दुसऱ्याच्या धनावर डोळा ठेवू नकोस. विनोबांनी त्यावर आख्खी वृत्ती लिहिली. बाबांनी तीन शब्दांत आटोपलं.

मी क्वालिटीत काम करते. भोक बरोबर पडलंय का ते बघायला आमच्याकडे प्लग गेज असतो. त्याची एक बाजू 'गो', ती आत गेली पाहिजे. दुसरी 'नो-गो', ती आत जाता कामा नये. एखाद्याने नुसतीच गो बाजू लावून बघितली तर वाट्टेल तेवढं मोठं झालेलं भोकही पास होईल. आपल्या तीर्थांचं मला तेच झालेलं दिसतं. नदी पाप धुते, ज्योतिर्लिंग मोक्ष देतं, हे आपण घट्ट धरलं. ही झाली गो बाजू. जागा आपल्याला काय करू देत नाही, ते विचारायचं मात्र सोडून दिलं. देवराईतला देव देत काहीच नाही. तो फक्त नको म्हणतो. त्याची राई उभी आहे आणि भरभरून देणारी इंद्रायणी फेसाळते आहे.

भीमाशंकरच्या ज्योतिर्लिंगापाशीच देणारा आणि नको म्हणणारा, हे दोन्ही देव शेजारी सापडतात. श्रावणात देवळाकडे माणसांची रीघ लागते आणि रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचा खच पडतो. त्याच रस्त्यावर फांद्यांतून शेकरू उड्या मारत असतं.

या विचारावर दोन आक्षेप मी स्वतःच घेते. एक असा की देवाचं 'नको' माणसाला सोयीने वाकवता येतं. देऊळ बांधायचं म्हणून कौल लावून राईतलीच झाडं तोडल्याची उदाहरणं आहेत, आणि काही राया बायकांना आत येऊ देत नाहीत, तोही नकोच. दुसरा आक्षेप जास्त टोचतो. एका तुकड्याला पवित्र म्हटलं की उरलेल्या जमिनीला मोकळीक मिळते. भामचंद्र डोंगरासाठी माणसं उभी राहिली, पण पायथ्याच्या शेतांना कुणी संत भेटला नाही, ती गेली.

मग देवाला बाजूला ठेवून नियमांवर का भागू नये? नियम आहेतच. कारखान्यातून किती आणि कसं पाणी बाहेर सोडायचं, याचे आकडे ठरलेले आहेत. पण ऑडिटच्या आदल्या दिवशी शॉपफ्लोअर कसा चकाचक होतो, ते या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. नियमाला बघणारा लागतो. त्या राईला राखणदार नव्हता. बाबा गुरं राखत होते, झाडं नाही. कुणी बघत नसताना हात आवरणं हे धर्माचं काम आहे, आणि आकड्यांना ते एकट्याने जमलेलं नाही.

हे वारकऱ्यांना शिकवायला मी कोण? त्यांना तर 'वर्ज्य' माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गळ्यात तुळशीची माळ आली की मांस सुटतं, दारू सुटते, एकादशीला अन्न सुटतं. माळ घातलेला माणूस लग्नाच्या पंगतीतही आपलं पथ्य सोडत नाही आणि कुणी त्याला आग्रह करत नाही. त्या माळेला आणखी एक नेम जोडायला काय हरकत आहे? नदीत काही सोडणार नाही आणि आपल्या अखत्यारीत कुणाला सोडू देणार नाही. हा नेम गरीब वारकऱ्याला जड नाही. तो जड जाईल पालखीत फुगडी घालणाऱ्या नगरसेवकाला, दिंडीला नाश्ता देणाऱ्या कारखानदाराला, आणि आमच्यासारख्या सोसायट्यांना, ज्यांचं मैलापाणी कुठे जातं ते विचारायचं कुणाला सुचत नाही. नेम जड जातो तिथेच त्याची गरज आहे. माळ गळ्यात आहे की नाही हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मैलापाण्याचा विषय मी मांडणार आहे.