खळ आणि पीळ

माणदेशातल्या एका गावात सनगराचं एक जोडपं राहत होतं. गाव त्यांना तात्या आणि आक्का म्हणायचं. घोंगडी विणून विकायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. लोकर निवडायची, पिंजायची आणि चरख्यावर सूत काढायचं, हे आक्कांचं काम. मागावर बसायचं, ते तात्यांचं. काळी, पांढरी आणि तांबूस लोकर आक्का नुसत्या हातानं वेगळी करायच्या. कोकराचं पहिलं जावळ त्या वेगळ्या गाठोड्यात बांधून ठेवत, कारण जावळाचं घोंगडं सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत महाग.

चिंचोके भिजवून, वाटून आणि शिजवून खळ करायची, हे मात्र दोघांचं काम. सकाळी गल्लीत ताणा पसरला की एका बाजूनं तात्या आणि दुसऱ्या बाजूनं आक्का कुंच्यानं खळ लावत जायचे. लोकरीचं सूत केसाळ असतं. खळ पाजली नाही तर मागावर धागे एकमेकांत गुंततात आणि तुटतात. उन्हात ताणा खडखडीत वाळला की तात्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा धावायला लागायचा.

विक्री आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात आणि पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत. घेणारे बहुतेक धनगर. भर पावसात माळावर मेंढरं राखणाऱ्याला घोंगड्याची खोळ हेच घर. नुकतं जन्मलेलं कोकरूही तो त्याच खोळीत घेतो. नवं घोंगडं हातात घेऊन कुणी म्हणालं, "लई ताठ हाय," की आक्का सांगायच्या, "खळीचा ताठपणा हाय त्यो. वापरात आलं की जाईल. मग राहील ते सूत. सुताचं बोला!"

पण दिवस बदलत होते. अंगभर लोकर देणारी दख्खनी मेंढी कमी होत चालली होती. मटणाला भाव चांगला, म्हणून बरेच धनगर माडग्याळी मेंढी पाळू लागले, आणि तिच्या अंगावर लोकर बेताचीच. बाजारात गिरणीच्या ब्लँकेटांचे ढीग लागले. अशात लेकीच्या नर्सिंगच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली.

त्याच सुमारास शहरातला एक व्यापारी दारात आला. त्याला दिवाळीच्या आत पन्नास घोंगडी हवी होती. भाव चांगला होता आणि निम्मे पैसे आगाऊ. "फक्त एक करा," तो म्हणाला. "सूत सैल काढा, म्हणजे लवकर होईल. आखूड लोकर घातली तरी चालेल. वर खळ दाट द्या. माझं गिऱ्हाईक घोंगडं पांघरत नाही, सोफ्यावर टाकतं. ते ना भिजणार, ना कुणी ओढून बघणार."

रात्री तात्या म्हणाले, "ह्यात कुणाचं वाटोळं होतंय गं? ज्येला पावसात जायचंच न्हाई, त्येला पावसाचं घोंगडं कशाला?"

आक्का गप्प बसल्या. मनाला पटत नव्हतं, पण फीचा आकडा डोळ्यांसमोर होता. सकाळी त्या चरख्यावर बसल्या आणि सैल सूत काढू लागल्या. धागा भराभर निघायचा. पीळ बसायच्या आतच तो गुंडाळला जायचा. दाट खळ चढली की हेच सूत अस्सल सुतापेक्षाही कडक दिसायचं. पहिली दहा घोंगडी तयार झाली, तेव्हा तात्यांनी त्यावर हात फिरवला. कुठं काही कमी आहे, असं डोळ्याला दिसेना.

एवढ्यात एक म्हातारा धनगर आला. ह्या घराला तो वर्षानुवर्षं लोकर देत आलेला. नात बाळंत झाली होती. पतवंडासाठी जावळाचं घोंगडं हवं होतं, आणि जावळ तो स्वतःच घेऊन आला होता. "लोकर माज्या कोकरांची," तो म्हणाला, "हात तुमचा."

आक्कांनी व्यापाऱ्याचं काम बाजूला ठेवलं. जावळ निगुतीनं पिंजलं आणि नेहमीसारखं सूत काढलं. निदान त्यांना तसं वाटलं. ताणा पसरला, खळ लागली, तात्या मागावर बसले. वीतभर विणून झालं नाही तोच धागा तुटला. त्यांनी गाठ मारली. चार फेऱ्यांनी दुसरा तुटला. दुपारपर्यंत गाठीच गाठी झाल्या.

"खळ कमी पडली काय?" तात्यांनी विचारलं.

आक्कांनी उरलेल्या सुताचा गुंडा घेतला, हातभर धागा सोडवला आणि दोन्ही हातांत धरून ओढला. धागा न तुटता नुसता सुटत गेला. त्यांच्या लक्षात आलं. लोकर उत्तम होती, मन लावून काम केलं होतं. पण बोटांना आता सैल सुताची सवय लागली होती. पीळ बसेपर्यंत थांबायचं असतं, हे बोटंच विसरली होती.

"आवं, खळीचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं, एक हात व्यापाऱ्याचा आन् एक हात आपला ठेवता येईल. पण हात एकच हाय."

तात्यांनी मागावरचा ताणा उतरवला. आक्कांनी ते सूत उकललं, पुन्हा पिंजलं आणि चरखा हळू फिरवत नव्यानं कातलं. सुरुवातीचे काही दिवस धागा मनासारखा येईना. मग हळूहळू हात वळणावर आला. म्हाताऱ्याचं घोंगडं उशिरा झालं, पण बाजारात मिरवावं असं झालं.

व्यापारी आला तेव्हा तात्यांनी ती दहा घोंगडी त्याच्यासमोर ठेवली. त्यात काय आहे ते स्पष्ट सांगितलं आणि म्हणाले, "असली आमच्याकडनं आता हुणार न्हाईत. हिशेब करा, बाकीची उचल हप्त्यानं फेडतो." पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. आखूड लोकरीचं घोंगडं टिकत नाही, पण तिचं जाड, लहान आसन बनवलं तर ते चांगलं टिकतं, हे दोघांना ठाऊक होतं. आक्कांनी घट्ट पिळाची चार आसनं आधीच करून ठेवली होती. "शहरात बसायला घ्या," त्या म्हणाल्या. "आखूड लोकरीचं हाय, म्हणून सांगूनच इका. दामबी तसाच कमी." व्यापाऱ्याला आधी राग आला. मग त्यानं आसन उलटंपालटं करून पाहिलं आणि चारही नेली. पुढं त्याची मागणी येत राहिली. लेकीची फी एकदम भरता आली नाही, हप्त्यानं भरावी लागली. पण भरली गेली.

बोध असा : ज्याला फसवायचं तो कितीही लांबचा आणि अनोळखी असला, तरी फसवण्याचं काम आपल्याच हाताला करावं लागतं, आणि हात जे करतो तेच शिकतो. हलकं काम परक्यासाठी आणि चोख काम आपल्या माणसासाठी, अशी वाटणी फार दिवस चालत नाही. गरज म्हणून कमी दामाची वस्तू करायला हरकत नाही. पण ती जशी आहे तशी सांगून विकावी, आणि पीळ मात्र प्रत्येक धाग्याला पुरा द्यावा.