कट्ट्यावरचा न्याय

गेल्या वर्षीची कोजागरीची रात्र. आमच्या पेठेतल्या कट्ट्यासमोर चुलाण्यावर मोठे पातेले चढले होते. दूध आटत होते, वेलदोड्याचा वास सुटला होता, वर चंद्र होता. पण त्या चंद्राकडे मान वर करून पाहायला कुणाला सवड होती? कट्ट्यावर वाद रंगला होता तो फुटबॉलचा!

परगावच्या वाचकाला याचे नवल वाटेल. कोल्हापूर म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती कुस्ती. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेले खासबागेचे मैदान आणि तांबडी माती. पण याच मातीतल्या तालमींनी पुढे फुटबॉलही आपलासा केला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या नावांपुढे अजून 'तालीम' हाच शब्द लागतो. दिवाळी सरली, हंगाम आला, की शाहू स्टेडियमवर अशी गर्दी लोटते, की पेठापेठांतले जुने प्रेम आणि जुने वैर दोन्ही एकदमच जागे होते. म्हणून कोजागरी ते दिवाळी हा आमच्याकडे नुसता फराळाचा काळ नाही. संघात कोण खेळणार आणि कोण बसणार, याच्या खलबतांचा काळ आहे.

त्या रात्रीचा आरोपी होता आमच्याच संघातला मधल्या फळीचा एक मुलगा. वय बावीस-तेवीस. दिवसा उद्यमनगरात लेथवर काम करायचा, पहाटे सराव. दोन वर्षांपूर्वी याच कट्ट्याने त्याला खांद्यावर घेतले होते. पण मागच्या हंगामात त्याचे काहीतरी बिनसले. त्याने दिलेला चेंडू नेमका प्रतिपक्षाच्या पायात जायचा. उपांत्य सामन्यात त्याने पेनल्टी बाहेर मारली आणि आम्ही हरलो.

"पाय जड झाल्यात त्याचं," एकजण म्हणाला.

"पाय न्हवं, डोस्कं! हवा शिरलीया डोस्क्यात."

"संपला म्हणायचा गडी. बसवा त्याला बाहेर."

एक म्हातारे पैलवान तेवढे म्हणाले, "आरं, पोरगं आपलं हाय. एक हंगाम वाईट गेला म्हणून काय झालं?" पण त्यांचे कोण ऐकणार? शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळून विचारले, "सर, तुमच्या हाताखालनं गेलंय नव्हं ते? तुमीच सांगा."

मला मान मिळाला होता, आणि मिळालेल्या मानाची परतफेड माणूस नेहमी काहीतरी ठाम बोलून करतो. मी म्हणालो, "शाळेतही तो असाच होता. मुळात कच्चा. ऐन वेळी घाबरणारा."

सगळे हसले. शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळाले, खटला निकालात निघाला! आणि त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूने एक हात पुढे आला. हातात दुधाचा पेला होता.

"घ्या सर."

तोच होता. पलीकडे उभा राहून दूध वाटत होता. त्याने सारे ऐकले होते.

ते दूध मी कसे प्यालो, ते माझे मला ठाऊक!

चार दिवसांनी रंकाळ्यावर सकाळी तो मला भेटला. काय बोलावे ते सुचेना. शेवटी मी विचारले, "त्या रात्री वाईट वाटलं का रे?"

तो थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाहेर बसवलं तरी माझी ना न्हाई, सर. पण मी कुठं चुकतोय ते कुणीच सांगत न्हाई. मी कसा हाय, तेवढंच सगळे सांगत्यात."

वीस वर्षे मी मुलांना व्याकरण शिकवतो आहे. त्या सकाळी माझ्या विद्यार्थ्याने मला व्याकरणाचा एक धडा दिला. 'चुकला' हे क्रियापद आहे. क्रियापदाला काळ असतो. काल चुकला म्हणताना उद्याचे दार उघडे राहते. 'कच्चा' हे विशेषण आहे. त्याला काळ नाही. ते एकदा माणसाला चिकटले, की कालच्याप्रमाणे उद्यालाही लागू होते. कट्ट्यावर आम्ही काय करत होतो? एका मुलाच्या क्रियापदांची विशेषणे करत होतो.

आणि माझ्या विशेषणाचा आधार तरी काय होता? मी आठवून पाहिले. सहावीत असताना वक्तृत्वाच्या स्पर्धेत तो भाषण विसरला होता. एकदा! बारा वर्षांचे पोर एकदा गडबडले, आणि दहा वर्षांनी मी त्याचा दाखला पेनल्टीच्या खटल्यात सादर केला.

माझी विद्या मॅट्रिकपलीकडची नाही. तेव्हा मोठ्या तत्त्ववेत्त्यांची नावे घेऊन मी वाचकांना दिपवू शकत नाही. पण कुणी म्हणेल, 'मग प्रेक्षकांनी बोलूच नये की काय? उन्हात उभे ते राहतात, वर्गणी ते देतात, गळा ते फोडतात!' ही शंका खरी आहे. खेळाडूच्या चुकीवर पांघरूण घालणे हेही मला प्रेम वाटत नाही. संघात जागा अकराच. एकाला घ्यायचे म्हणजे दुसऱ्याला बसवायचे. त्यात अन्याय नाही. मीही मुलांना नापास करतो. पण गुण द्यायचे ते उत्तरपत्रिकेला. पोराला गुण देण्याचा अधिकार कुणी कुठल्या शिक्षकाला दिला आहे?

हा भेद किरकोळ वाटतो, पण त्याची किंमत फार मोठी असते. 16 जुलै 1950 रोजी रिओ येथील माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत होती. सामना 1-1 असा चालला असताना उरुग्वेचा गिगिया उजवीकडून आत घुसला. तो चेंडू मध्ये देईल या अंदाजाने गोलरक्षक बार्बोसाने एक पाऊल पुढे टाकले, आणि चेंडू त्याच्या व खांबाच्या मधून जाळ्यात गेला. एक पाऊल! बार्बोसा त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांत गणला जाई. पण त्या दिवसापासून त्याच्या देशाने त्याला दुसरे नावच ठेवले नाही. आपल्या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, पण मी त्याहून कितीतरी अधिक भोगली, अशा अर्थाचे तो उतारवयात बोलून दाखवी. 2000 साली तो वारला. एका पावलाची शिक्षा जवळजवळ पन्नास वर्षे चालली.

आता आपल्या गावाकडे पाहा. खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकहून परतले, ते पदकाविना. त्यांचा क्रमांक सहावा आला होता. तिथेच त्यांना 'कमी पडणारा' हे विशेषण लावून मोकळे होता आले असते. पण 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही गोष्ट सांगताना आपण पदकापाशी थांबतो. मला वाटते, थांबावे ते गहाणखतापाशी. सही करताना खर्डेकरांना पदक दिसत नव्हते. समजा, खाशाबा हेलसिंकीहूनही रिकाम्या हाताने आले असते; तर ती सही चुकीची ठरली असती का? माझे मन 'नाही' म्हणते. विश्वास हा निकालानंतर मिळणारा बक्षिसाचा कागद नव्हे. तो निकालाच्या आधी द्यायचा असतो, आणि देणाऱ्याचे त्यात काहीतरी गहाण पडावे लागते. कट्ट्यावर आमचे काय गहाण पडले होते? पेलाभर दूधसुद्धा फुकटच होते!

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून ही दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. माझी दुसरी कादंबरी पडली. 'लेखक संपला,' असे कुणीतरी लिहिले. ते वाचून मी महिनाभर कागदाला हात लावला नाही. नंतर एका अनोळखी बाईंचे पोस्टकार्ड आले. 'नायिकेचे वडील शेवटी एकाएकी का बदलतात, ते कळले नाही,' एवढेच त्यात होते. बाईंनी माझा दोषच दाखवला होता; पण ते कार्ड वाचून मी लिहायला बसलो. पहिल्याने मला विशेषण दिले होते, बाईंनी क्रियापद दिले.

कट्ट्यावर जाऊन माझे शब्द परत घेण्याचे मी त्याच दिवशी ठरवले. ठरवायला एक सकाळ पुरली. प्रत्यक्ष बोलायला आठवडा लागला. चारचौघांत मोडलेले चारचौघांतच जोडावे लागते, आणि माझ्यासारख्या मास्तरला 'मी चुकलो' हे क्रियापद स्वतःसाठी चालवण्याची सवय नसते. वसुबारसेच्या संध्याकाळी मी म्हणालो, "त्या पोराबद्दल मी बोललो ते खरं नव्हतं. तो शाळेत एकदा भाषण विसरला होता, एवढंच खरं." कुणी फारसे काही बोलले नाही. म्हातारे पैलवान मात्र सरकले आणि त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. मग तेच म्हणाले, "चेंडू द्यायच्या आधी त्यो मान वर करीत न्हाई. तेवढं त्येला कुणीतरी सांगा की!"

ते मी त्याला सांगितले.

तो पुढे चमकला का, असे वाचक विचारतील. काही सामने तो बरा खेळला, काही त्याने बाहेर बसून पाहिले. तो चमकला असता तरच माझे म्हणणे खरे, असे असेल, तर मी वर लिहिलेले सारे वाया गेले म्हणायचे.

यंदाचा हंगाम आता दारात आहे. कट्ट्यावर पुन्हा खलबते सुरू झाली आहेत, आणि यंदा आरोपी दुसराच कुणी आहे. मीही तिथे बसतो, वाद घालतो. फक्त बोलण्याआधी एकदा मागे वळून पाहतो, दूध कोण वाटतो आहे ते.